अभ्यासिकेतला फिशटँक : पाण्याच्या नोंदी

ठिकाण लातूर, अभ्यासिकेचा पहिला मजला, चपलांच्या रॅकशेजारी. टँक चार बाय दीड बाय दीड फुटांचा. काठोकाठ भरला तर अडीचशे लीटरच्या वर जातो, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की २१० लीटर पाणी उरतं. खालचे सगळे हिशोब याच आकड्यावर आहेत. मासे काय खातात, कोणता रंग उठून दिसतो, हे इथे सापडणार नाही. ही वही पाण्याची आहे.

९ फेब्रुवारी

मासे आणायच्या आधी पाणी मोजलं. आमच्याकडे पाणी तीन वाटांनी येतं: नळ, बोअर आणि दोन्ही आटले की टँकर. त्यात पोरांच्या पिण्याच्या आरओचं चौथं.

बोअर: टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लीटरमागे ११८० मिलिग्रॅम. जडपणा २८ डिग्री, म्हणजे लीटरमागे साधारण पाचशे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, दोनशेपर्यंत बरं म्हणतं आणि दुसरी सोयच नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घेतं. केएच, म्हणजे पीएच सांभाळणारा कार्बोनेटचा जडपणा, १६ डिग्री. नायट्रेट लीटरमागे ४० मिलिग्रॅम. पीएच बोअर चालू केल्याबरोबर ७.२ आला. तेच पाणी बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टाकून रात्रभर ठेवलं तर सकाळी ८.३. जमिनीखालचं पाणी पोटात कार्बन डायऑक्साइड घेऊन वर येतं, तो उडाला की खरा पीएच दिसतो. तेव्हा ताज्या बोअरच्या पाण्याचा पीएच वहीत घ्यायचा नाही, एक दिवस मुरल्यावरचाच घ्यायचा.

नळ, म्हणजे धनेगावचं मांजरा धरण: टीडीएस ३४०, जडपणा ९, केएच ७, पीएच ७.९, नायट्रेट जवळपास नाही. क्लोरीन आहे. आरओ: टीडीएस ६०, बाकी सगळं नावापुरतं.

दुकानदाराने टीडीएसची पेन दाखवत सांगितलं होतं की आकडा दोनशेच्या खाली ठेवा, मासा मरणार नाही. या पेनीला पाण्यात मीठ विरघळलंय की अमोनिया, काही कळत नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून ती अंदाजाने एक आकडा देते. टीडीएस १५० असलेल्या पाण्यात अमोनियाने मासे पटापट मरतात आणि ११८० मध्ये मोली मजेत पिल्लं देते. पेन उपयोगाची आहे, पण तिचा उपयोग वेगळा, तो पुढे येईल.

मासे ठरले: मोली आणि प्लेटी. दोघांनाही जड, अल्कधर्मी पाणी मानवतं. पोरांना निऑन टेट्रा हवे होते, निळी-लाल पट्टी चमकते म्हणून. निऑन ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आंबटसर पाण्यातला. त्याच्यासाठी जन्मभर आरओचं पाणी ओतावं लागेल, आणि लीटरभर आरओ काढायला दोन-तीन लीटर मोरीत जातं. लातुरात हे मला पटत नाही.

१२ फेब्रुवारी

तपासणीचं सामान आलं. पट्ट्या घेतल्या नाहीत. आपल्या हवेत त्या पावसाळ्यात ओल धरतात आणि रंग मनाला येईल तसा दाखवतात. थेंबांचं किट घेतलं: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, जीएच (एकूण जडपणा), केएच. पीएचसाठी पेन, आणि ती जुळवायला ६.८६ आणि ९.१८ च्या बफर पुड्या. आपलं पाणी आठच्या आसपास, त्यामुळे ४ ची पुडी फोडण्यात अर्थ नाही.

नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत रसायन तळाशी बसतं. ती अर्धा मिनिट जोरात हलवायची, थेंब टाकल्यावर नळी पुन्हा पूर्ण मिनिटभर. ज्यांच्या टँकचं नायट्रेट कायम शून्य येतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ही बाटली हलवलेली नसते. रंग खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर बघायचा. अभ्यासिकेच्या पिवळट एलईडीत ०.२५ आणि ०.५ मधला फरक कळत नाही.

वेळ ठरवली: सकाळी सहा, लाइट लागायच्या आधी. वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड खेचतात, त्यामुळे संध्याकाळचा पीएच सकाळपेक्षा चढा येतो. वेगवेगळ्या वेळचे आकडे एकाखाली एक लिहिले तर वही भरते, समजत मात्र काही नाही.

१६ फेब्रुवारी

टँक भरला. तीन भाग नळ, एक भाग बोअर. हिशोबाने टीडीएस ५५०, जडपणा १४, केएच ९, नायट्रेट १० यायला हवं होतं. मोजलं तर टीडीएस ५६०, बाकी तंतोतंत. पीएच ८.१. नळाचं क्लोरीन हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे विरघळवून मारलं. दोन स्पंज फिल्टर, एक हवेचा पंप, कोपऱ्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. तिला जड पाणी मानवतं.

मासे अजून नाहीत. आधी जिवाणू वाढवायचे. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पडतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं त्या मानाने गरीब. ही फौज स्पंजात उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना खायला बाहेरून अमोनिया घालायचा, म्हणजे मासे पणाला लावावे लागत नाहीत.

त्यासाठी नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड. किराणा दुकानात मागितला तर दुकानदाराने आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नवसागर कल्हईवाल्यांना लागतो, पण आपल्या भागात त्याचं नाव घेतलं की हातभट्टीच डोळ्यांसमोर येते. शेवटी प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडून शुद्ध घेतला. लीटरमागे २ मिलिग्रॅम अमोनियाच्या हिशोबाने २१० लीटरला सव्वा ग्रॅमच्या किंचित वर. सोनाराकडून तोलून आणला.

२५ फेब्रुवारी

अमोनिया अजून २. नायट्राइट शून्य. जैसे थे.

एका मित्राचा टँक तीन वर्षांचा आहे. त्याच्या फिल्टरमधला काळपट, गिळगिळीत स्पंज मागून आणला आणि आमच्या टँकमध्ये पिळला. पाणी गढूळ झालं. पोरं नाकं मुरडत होती. विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही, एवढंच त्यांना सांगितलं. बाजारात बाटलीबंद जिवाणूही मिळतात, पण बाटली आपल्यापर्यंत येताना कोणत्या गोदामात किती तापली याचा भरवसा नाही. ज्या टँकमध्ये मासे धडधाकट आहेत तिथला स्पंज बरा.

४ मार्च

अमोनिया ०.५ वर आला. नायट्राइट किटच्या शेवटच्या जांभळ्या रंगाच्याही पलीकडे. म्हणजे पहिली पाळी कामाला लागली, दुसरी अजून यायची आहे.

१८ मार्च

काल सकाळी २ मिलिग्रॅम अमोनिया घातला. आज सकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ८० च्या पुढे. टँक तयार. निम्म्याहून जास्त पाणी काढलं, त्याच मिश्रणाने भरलं. नायट्रेट ३० ते ४० च्या मधला नारिंगी.

संध्याकाळी मोली आणि प्लेटी मिळून अठरा मासे आले. पिशवीतल्या पाण्याचा टीडीएस ३१०, आमचा ५७०. सलाइनच्या नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंबथेंब पिशवीत तासभर सोडलं. नंतर मासे जाळीने उचलून टँकमध्ये टाकले, दुकानातलं पाणी बेसिनमध्ये. टीडीएसच्या पेनीचा हा एक उपयोग: दोन पाण्यांत अंतर किती आहे ते कळतं.

३ एप्रिल

ही नोंद लांबेल.

सकाळी अमोनिया ०.५. दोन आठवडे शून्य असलेला आकडा एका रात्रीत वर. नायट्राइट शून्य. पंप चालू, स्पंजातून बुडबुडे व्यवस्थित. मेलेला मासा कुठे अडकलाय का ते पाहिलं, नव्हता. मग दगडामागे बॅटरी मारली तर फुगून पांढरे झालेले मुरमुरे आणि बिस्किटाचा लगदा. रात्रीच्या बॅचमधल्या कुणीतरी माशांना जेवू घातलं होतं. विचारल्यावर एकाने मान खाली घालून सांगितलं, "सर, उपाशी दिसायलते." मोली कायमच उपाशी दिसते, तो तिचा स्वभाव आहे.

०.५ म्हणजे घाबरायचं की नाही, यावर पोरांत वाद झाला. किटच्या तक्त्यावर ०.५ चा रंग फिकट हिरवा, अजिबात भीतिदायक नाही. पण किट एकूण अमोनिया मोजतं. त्यातला काही मुक्त अमोनिया असतो, काही अमोनियम. अमोनियम माशाला फारसं करत नाही, मुक्त अमोनिया कल्ले जाळतो. कुणाचा वाटा किती, हे पीएच आणि तापमानावर.

इथे नीटच्या अभ्यासाचा उपयोग झाला. अकरावीच्या रसायनशास्त्रात आयनिक समतोल शिकलेली एक मुलगी उभी राहिली आणि रफ कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. २५ अंशांना अमोनियमचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला मुक्त अमोनिया आणि अमोनियम निम्मे-निम्मे असतात तो आकडा, ९.२५. पीएच ७ असेल तर फरक २.२५, म्हणजे एक मुक्त अमोनियाच्या मागे जवळजवळ १७८ अमोनियम. मुक्त वाटा अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. मग आमचं पाणी: पीएच ८.२, तापमान ३१. ३१ अंशांना पीकेए ९.०७ च्या आसपास उतरतो. मुक्त वाटा बारा टक्के.

०.५ चे बारा टक्के, ०.०६ मिलिग्रॅम. मुक्त अमोनिया ०.०२ च्या खाली असला तर निवांत राहावं, ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा होऊ लागते. तोच ०.५ चा फिकट हिरवा रंग पीएच ७ आणि २५ अंशांच्या पाण्यात ०.००३ असता. रंग तोच आणि विष वीसपट. हे गणित कागदासकट टँकच्या बाजूला चिकटवलंय.

मराठवाड्यात टँक ठेवणाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहावं ते हेच. आपलं पाणी आठच्या वर, आपला उन्हाळा तिशीच्या वर, आणि दोन्ही मिळून अमोनियाला धार लावतात. थंड, मऊ पाण्याच्या मुलखातल्या कुणी लिहिलेला "०.५ पर्यंत चालतं" हा सल्ला इथे लावायचा नाही.

एकाने सुचवलं, लिंबू पिळून पीएच खाली आणू. केएच ९ असताना लिंबाचं आम्ल पाणी गिळून टाकतं, पीएच काही तासांत पुन्हा तिथेच. माशाला मात्र तेवढ्या वेळात दोन हेलकावे. पीएचला हात लावायचा नाही, अमोनिया काढायचा. लगदा नळीने ओढून काढला, चाळीस टक्के पाणी बदललं, दोन दिवस खाणं बंद.

संध्याकाळी ०.२५. पाच तारखेला शून्य. काचेवर पाटी: "माशांनी जेवण केलेले आहे."

१५ एप्रिल

खोलीत ३९, टँकमध्ये ३३. मासे वरच्या थरात, कल्ले भराभर हलतात. अमोनिया, नायट्राइट शून्य. म्हणजे हा प्राणवायूचा प्रश्न. २५ अंशांना लीटरभर पाण्यात सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३३ ला सव्वासातच्या आसपास. हे आकडे समुद्रसपाटीचे. लातूर सहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे आपल्या वाट्याला त्याहून कमी. आणि पाणी तापलं की माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. मिळकत कमी, खर्च जास्त.

झाकण काढून जाळी टाकली आणि छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावला. दुपारी चारला टँक ३०. कोकणातल्या दमट हवेत या युक्तीने एवढा फरक पडला नसता. इथली हवा कोरडी, पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठाचंच तत्त्व. बर्फाच्या पिशव्या टाकू नका असं पोरांना बजावलं. एका तासात चार अंश उतरवलं तर मासा गारठून आजारी पडतो.

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. रोज पाच-सहा लीटर उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. रोजची पाच लीटरची तूट ५५० टीडीएसच्या पाण्याने भरली तर महिन्यात दीडशे लीटर पाण्याचे क्षार टँकमध्ये साचतात, आणि टीडीएस साडेपाचशेवरून साडेनऊशेच्या घरात जातो. पाणी स्वच्छ दिसतं, अमोनिया शून्य येतो, आणि तरी मासे मलूल होत जातात. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याने. तेवढ्यापुरता आरओ मला मान्य. त्याचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला जातं. पेनीचा खरा उपयोग हा: आकडा किती आहे यापेक्षा तो चढतोय का, हे बघणं. गेल्या आठवड्यात ५७० ते ५८०. ठीक.

२१ एप्रिल

वाचनालयातल्या एका काकांनी विचारलं, "प्यायला पाणी नाही अन् तुम्ही माशांचं बदलता?" प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते याच शहरात. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लीटर. त्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांगेत उभं राहिलेली माणसं अजून पाण्याचा नळ दोनदा बंद करून बघतात. मीही बघतो.

काकांना वही दाखवली. सगळीकडे लिहिलेलं असतं की दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदला. आमच्या टँकला ते महिन्याला अडीचशे लीटर झालं. पण पाणी बदलण्याचं मुख्य कारण नायट्रेट, आणि ते मोजता येतं. आमच्याकडे ते आठवड्याला सात-आठने वाढतं. मोली-प्लेटीला चाळीसपर्यंत चालवून घेतो. म्हणजे वीसवरून चाळीसवर जायला अडीच आठवडे. तेव्हाच बदलायचं, त्याआधी नाही. मासे कमी ठेवले, खाणं मोजून दिलं, व्हॅलिस्नेरिया वाढू दिली, की तेही लांबतं. दुसरं बघायचं ते केएच. अमोनियाचं नायट्रेट होताना केएच खर्च होतो. मऊ पाण्याच्या टँकमध्ये तो संपला की पीएच एका रात्रीत कोसळतो. आपल्या जड पाण्याला ती भीती नाही, नऊचा साडेआठ झालाय. ज्या पाण्याला आपण इतकी नावं ठेवतो ते इथे उपयोगी पडतं.

काढलेलं पाणी गच्चीवरच्या कढीपत्त्याला आणि जास्वंदीला. नायट्रेट म्हणजे खतच.

काका म्हणाले, "मग बरंय."

२ मे

नळाला पाणी नाही. बोअरने परवा हवा टाकायला सुरुवात केली. टँकर मागवला.

टँकरचं पाणी दर खेपेला नवं असतं, कारण विहीर बदलते. आजचं: टीडीएस ८९०, जडपणा २२, नायट्रेट २०. आणि वास. गावोगावी विहिरीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकतात, टँकरमध्येही टाकतात. ते माणसांसाठी आवश्यकच आहे. शेजारच्या आरोग्य सेवकांकडून क्लोरीन तपासायची ओटीची बाटली आणली. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब. नळाच्या पाण्याला फिकट पिवळा येतो. याला संत्र्यासारखा गडद आला. टँकरवाले मामा म्हणाले, "पोटाची साथ चालू हाय, मूठभर जास्तच टाकलंय." माणसांच्या दृष्टीने मामांचं बरोबर. माशांच्या दृष्टीने हे पाणी थेट ओतलं असतं तर कल्ले गेले असते, आणि स्पंजातले जिवाणूही, जे वाढवायला महिना घातला.

पाणी ड्रममध्ये काढलं, नेहमीच्या मापाने हायपो टाकलं, एअर स्टोन सोडला. अर्ध्या तासाने पुन्हा ओटी: अजून पिवळं. पुन्हा थोडं हायपो. आता रंगहीन. क्लोरीन मारायचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाकून मोकळं होण्याची सवय असते. बाटली नेहमीच्या नळाचं पाणी धरून लिहिलेली असते, टँकरचं नव्हे. ओटीची एक बाटली फिशटँकवाल्याच्या घरात असावी, स्वस्त आहे.

हे पाणी एकदम चाळीस टक्के घालायचं नाही. १५ टक्के आज, १५ टक्के परवा. टँकचा टीडीएस ५८० वरून ६२५.

११ मे

रात्री वळवाचा पाऊस, वारं, झाडं पडली, लाइट गेली. इन्व्हर्टर पोरांच्या दिव्यांना आणि पंख्यांना, तो दोन वाजता आटोपला. बॅटरीचा हवेचा पंप लावून ठेवलेला होता, पण तो एकच स्पंज चालवतो. साडेतीनला एकाने फोन केला, "सर, मासे वर येऊन तोंड वासायलेत." त्याला सांगितलं, मगाने पाणी उचल आणि वीतभर उंचीवरून टँकमध्येच ओत, थांबू नको. पोरांनी पाळ्या लावून पहाटेपर्यंत ओतलं, एका हाताने मग, दुसऱ्या हातात मोबाइलच्या उजेडात जीवशास्त्राच्या नोट्स.

सकाळी सहा: अमोनिया ०.२५, नायट्राइट ०.५. बंद पडलेल्या स्पंजातल्या जिवाणूंना प्राणवायू मिळाला नाही, त्यांतले काही गेले. तो स्पंज चालू करायच्या आधी टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळून घेतला, नळाखाली नाही.

नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्याच्या कामातून उठवतं. रक्त तपकिरी होतं. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. उतारा मिठाचा: क्लोराइड त्याच वाटेने आत जातं आणि नायट्राइटला आत येऊ देत नाही. पण किती? "लीटरला एक ग्रॅम" हा सर्रास दिला जाणारा सल्ला. आमच्या टँकला तो दोनशे ग्रॅमच्या वर जातो आणि टीडीएस हजाराने उसळवतो. ०.५ च्या नायट्राइटला एवढ्याची गरज नाही. वीस ग्रॅम खडेमीठ तीन भागांत विरघळवून घातलं. टीडीएस शंभराने वाढला, तशी नोंद समासात केली, नाहीतर पुढच्या महिन्यात हा शंभर कुठून आला म्हणून डोकं खाजवत बसायचं.

खाणं बंद. २५ टक्के पाणी बदललं.

१४ मे

अमोनिया शून्य. नायट्राइट ०.२५ आणि शून्यच्या मधे कुठेतरी. एक प्लेटी गेली.

१६ मे

सगळं शून्य. नायट्रेट २५. खाणं सुरू. दुसरा बॅटरी पंप घेतला.

२९ मे

काही नाही.

१७ जून

दोन दमदार पाऊस झाले. पहिल्या पावसाचं पाणी सोडून दिलं, पत्र्यावर उन्हाळाभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा होती. दुसऱ्याचं ड्रममध्ये धरलं: टीडीएस २५, जडपणा आणि केएच किट दाखवत नाही इतका कमी. निव्वळ पावसाचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, त्याच्यात पीएच सांभाळायला काहीच नसतं. पण बोअरशी त्याचं गणित जमतं. तीन भाग पाऊस, दोन भाग बोअर: टीडीएस ४९० च्या आसपास, जडपणा ११, केएच साडेसहा, नायट्रेट १६. नळाची वाट बघायला नको, आरओला सुट्टी. दोनशे लीटरचे दोन ड्रम झाकून ठेवलेत. झाकण महत्त्वाचं, नाहीतर डासांची पैदास. तसं एका ड्रममध्ये चार गप्पी सोडलेत. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतीवर वाचतच आम्ही मोठे झालो.

मोलीची पिल्लं दगडाखाली दिसली. मोजायच्या भानगडीत पडलो नाही.

६ जुलै

एका मुलाच्या वडिलांनी टँक पाहिला. गाव अहमदपूरकडचं. घरी असाच टँक ठेवायचा आहे, मासे कोणते घेऊ म्हणाले. त्यांना सांगितलं, आधी बाटलीभर पाणी पाठवा.

१३ जुलै

बाटली आली. घरच्या बोअरची. पीएच ८.२, टीडीएस १३४०, जडपणा ३०. मोलीला चालून जाईल. नायट्रेटचा रंग लालभडक, किटच्या वरच्या टोकाला, जिथे ४० आणि ८० मधलं डोळ्याला कळत नाही. म्हणून तेच पाणी आरओच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून पुन्हा मोजलं. ४० आलं. म्हणजे मूळ ८० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेटची मर्यादा ४५, आणि जडपणाला असते तशी "दुसरी सोय नसेल तर" ही सवलत नायट्रेटला नाही.

फोन लावला. मासे बाजूला ठेवून आधी विचारलं, हे पाणी प्यायला वापरता का? वापरतात. घरात लहान कोण? सुनेचं बाळ चार महिन्यांचं, वरचं दूध चालू आहे. दूध कशात कालवता? याच पाण्यात, पण उकळून.

उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते जास्तच दाट होतं. ११ मेला माशांच्या रक्ताचं जे लिहिलंय, तेच सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात होऊ शकतं. नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि बाळ निळं पडतं. त्यांना सांगितलं, बाळाच्या दुधाला आजपासून हे पाणी बंद. आरओचं किंवा दुसऱ्या तपासलेल्या ठिकाणचं घ्या, आणि बाळाला दवाखान्यात दाखवून डॉक्टरांना हे सांगा. माझं किट माशांचं आहे, ते पुरावा नव्हे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची जिल्ह्याला प्रयोगशाळा आहे, तिथे नमुना द्या. बोअरच्या आसपास शोषखड्डा किंवा उकिरडा आहे का तेही बघा. उकिरडा आहे, म्हणाले, वीस-पंचवीस फुटांवर.

१९ जुलै

आमचा टँक: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ३०, केएच ७, टीडीएस ५१०, तापमान २७. पाणी पुढच्या आठवड्यात बदलायचं.

अहमदपूरहून फोन आला. बाळाला दाखवून आणलं, ठीक आहे, दुधाला आता जारचं पाणी वापरतात. जारचंही एकदा मोजा म्हटलं, बाटली पाठवतो म्हणाले. नमुना प्रयोगशाळेत दिलाय, उकिरडा हलवायचं भावकीत बोलणं चालू आहे. माशांचं दिवाळीनंतर बघू म्हणाले.